फॉस्फोफिलाइट : सामान्य द्रव्यांचा दुर्मिळ स्फटिक

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाली की त्या उत्सवाला हीरक महोत्सव म्हणण्याची प्रथा आहे. हिरा हे टिकाऊपणाचे प्रतीक. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची श्रेणी तयार केली, तिच्या शेवटच्या पायरीवर हिरा विराजमान आहे. त्याच्यावर दुसऱ्या कोणत्याही नैसर्गिक खनिजाने सहजी ओरखडा उठत नाही. तेव्हा अशा प्रसंगी हिऱ्याचे गुणगान होणे स्वाभाविकच ठरले असते.

आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्याच श्रेणीत तीन ते साडेतीन या अंकांवर असलेले एक खनिज आहे. मराठी मनाला साडेतीन हा आकडा मुहूर्तांमुळे आणि शक्तिपीठांमुळे परिचित आहे. खनिजांच्या जगात मात्र तो दुर्बलतेचा आकडा समजला जातो. चाकूच्या टोकाने या खनिजावर रेघ ओढता येते. ते हातातून निसटले तर ठरावीक पातळीत दुभंगते. रोज बोटात वागवण्याच्या अंगठीत ते बसवण्याच्या योग्यतेचे नाही. आणि तरीही त्याचा चांगला स्फटिक मिळावा म्हणून जगभरचे संग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहतात. निळसर हिरव्या, उथळ समुद्राच्या पाण्यासारख्या रंगाच्या या पारदर्शक खनिजाचे नाव आहे फॉस्फोफिलाइट.

या नावाचा अर्थ प्रथम पाहणे इष्ट होईल. नावाचा पूर्वार्ध त्यातील फॉस्फरसाचा निर्देश करतो. उत्तरार्ध ‘फिलॉन’ या ग्रीक शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ पान. वनस्पतीच्या हरितद्रव्याला क्लोरोफिल म्हणतात, त्यातही हाच शब्द आहे. पुस्तकाची पाने सुटावीत तसे हे खनिज एका विशिष्ट पातळीत सहज सुटते. या गुणधर्माला खनिजशास्त्रात पाटन म्हणतात. म्हणजे ज्या गुणामुळे हे खनिज नाजूक झाले, तोच गुण त्याच्या नावात कायमचा नोंदला गेला आहे.

आता त्याचे घटक पाहू गेल्यास कोणालाही आश्चर्य वाटेल. जस्ताचे दोन अणू, लोहाचा एक अणू, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू, एवढाच त्याचा संसार. यांतील एकही घटक दुर्मिळ नाही. लोहाविषयी तर बोलायलाच नको. जस्त प्रत्येक घरातील पितळेच्या भांड्यात आहे, पाण्याच्या बादलीवर आहे, छपराच्या पत्र्यावर आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे जस्ताचे ऊर्ध्वपातन करून ते मोठ्या प्रमाणावर मिळवण्याची विद्या मध्ययुगातच सिद्ध झाली होती, आणि मातीच्या मुशींचे ढीग आजही तेथे त्याची साक्ष देतात. फॉस्फरस हे मूलद्रव्य हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट याने १६६९ मध्ये चक्क मानवी मूत्र आटवून वेगळे केले. तो शोधत होता परीस, हाती लागला अंधारात उजळणारा पदार्थ. फॉस्फेट तर प्रत्येकाच्या देहात आहे. हाडे आणि दात ज्या खनिजद्रव्याचे बनतात ते फॉस्फेटांच्या अपॅटाइट कुळातले आहे. राहता राहिले पाणी.

असे चार सामान्य घटक असताना त्यांच्यापासून बनणारे खनिज इतके दुर्मिळ का असावे? या प्रश्नाच्या उत्तरातच या खनिजाच्या कथेचे सार आहे. निसर्गात या घटकांना एकत्र येण्यापेक्षा परस्परांपासून दूर जाण्याच्या वाटा अधिक आहेत. जस्ताला गंधक भेटले की दोघांचे मिळून स्फॅलेराइट हे जस्ताचे धातुक बनते. लोहाला गंधक भेटले की पायराइट आणि प्राणवायू भेटला की गंज. फॉस्फेटला कॅल्शियम भेटले की अपॅटाइट. म्हणून फॉस्फोफिलाइट घडायचे तर जस्त, लोह आणि फॉस्फेट एकाच द्रावणात एकाच वेळी यावे लागतात. गंधक आणि कॅल्शियम यांनी त्यांना आधीच पळवून नेलेले नसावे लागते. प्राणवायू इतका कमी असावा लागतो की लोह गंजत नाही. उष्णता इतकी सौम्य असावी लागते की पाण्याचे रेणू स्फटिकात नांदू शकतील. त्याशिवाय स्फटिक मोठा व्हायचा तर त्याला खडकात मोकळी पोकळी हवी आणि निवांत काळ हवा. द्रव्ये सगळीकडे आहेत. ही परिस्थिती क्वचित कोठे तरी जुळते. या खनिजाची दुर्मिळता त्याच्या घटकांत नसून परिस्थितीत आहे.

ही परिस्थिती प्रथम ओळखली गेली ती जर्मनीत. बव्हेरियाच्या पूर्व सीमेजवळ ओबरफाल्झ प्रदेशात हागेनडोर्फ नावाचे एक खेडे आहे. तेथे पेग्मॅटाइट हा मोठमोठ्या स्फटिकांचा खडक आहे, आणि त्यातील फेल्डस्पार चिनी मातीच्या उद्योगासाठी खणून काढला जात असे. याच खडकात लोहयुक्त फॉस्फेट खनिजे होती आणि जोडीला थोडे स्फॅलेराइट होते. काळाच्या ओघात ही मूळ खनिजे झिजली, विरघळली आणि त्यांच्यातून सुटलेले फॉस्फेट, लोह व जस्त यांची नव्याने सोयरीक जमली. हाइनरिख लाउबमान आणि हेर्मान श्टाइनमेट्झ या दोन खनिजशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये या नव्या खनिजाचे वर्णन करून त्याला नाव दिले. हागेनडोर्फचे स्फटिक बहुधा लहान आणि फिके. शास्त्राच्या दृष्टीने ते महत्त्वाचे होते, परंतु डोळ्यांचे पारणे फेडणारे नव्हते.

ते भाग्य दुसऱ्याच एका डोंगराच्या वाट्याला आले, आणि त्या डोंगराचे नाव जगाच्या इतिहासात आधीच कोरलेले होते. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोतोसी हे शहर वसले आहे. शहराच्या डोक्यावर शंकूसारखा तांबूस डोंगर उभा आहे, सेरो रिको, म्हणजे समृद्ध डोंगर. सुमारे १ कोटी ३८ लाख वर्षांपूर्वी वर आलेल्या शिलारसाचा हा घुमट. त्याच्या भेगांतून उष्ण द्रावणे फिरली आणि जाताना चांदी, कथील, जस्त व लोह यांच्या शिरा मागे ठेवून गेली.

येथे चांदीचा शोध १५४५ मध्ये लागला. पुढच्या शंभर वर्षांत या डोंगराने जगाचा व्यापार बदलून टाकला. स्पेनच्या साम्राज्याची नाणी याच चांदीची पडली. अमेरिका खंडातील ही चांदी युरोपच्या व्यापाऱ्यांमार्फत हिंदुस्थानात पोहोचली आणि मोगल अमलातील टांकसाळींत वितळून तिचे रुपये झाले. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये ज्या सुरतेवर स्वारी केली, ते बंदर या चांदीच्या ओघाचे भारतातील एक मोठे प्रवेशद्वार होते. असा या दूरच्या डोंगराचा आणि या देशाच्या बाजारपेठेचा संबंध जुना आहे.

परंतु त्या चांदीची खरी किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली. स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात ‘मिता’ नावाची सक्तीची पद्धत लागू केली. ठरवून दिलेल्या प्रांतांतील मूळ रहिवासी पुरुषांपैकी दरवर्षी एक सप्तमांश लोकांनी पाळीपाळीने खाणीत राबायचे, असा तो नियम होता. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत, तिचे हे राक्षसी रूप. बाप्ये गावाकडून निघत, बरोबर बायका-मुले व सामान वाहणारे लामा हे प्राणी असत आणि कित्येक जण परत येतच नसत. कोसळणारे बोगदे, फुप्फुसात साचणारी धूळ, चांदी वेगळी करण्यासाठी वापरला जाणारा पारा, या सर्वांनी माणसे खाल्ली. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिली. खाणकामगार आजही बोगद्यात ‘एल तीओ’ या पाताळाच्या धन्याची मूर्ती पुजतात आणि तिला कोकाची पाने व मद्य वाहतात. जमिनीवरचा देव खाणीत उतरत नाही, तेथील मालक निराळा, अशी त्यांची भावना आहे.

चांदी ओसरल्यावर विसाव्या शतकात पोतोसीचे महत्त्व कथिलामुळे टिकले. १९५२ मध्ये बोलिव्हियाने मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच शतकाच्या मध्यास सेरो रिकोच्या उनिफिकादा खाणीतून फॉस्फोफिलाइटचे ते स्फटिक बाहेर आले, ज्यांनी या खनिजाला कीर्ती मिळवून दिली. हागेनडोर्फच्या कणांसमोर ते कित्येक सेंटिमीटर लांबीचे होते, नितळ होते, कित्येक जुळे होते आणि सर्वांवर तो निळसर हिरवा रंग होता. त्यानंतर या खनिजाचे नमुने अमेरिकेत व ऑस्ट्रेलियातही मिळाले, परंतु पोतोसीची सर कोणालाच आली नाही.

या ठिकाणी क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. खाण कथिलाची होती. तिच्या जमाखर्चात या निळ्या स्फटिकाला स्थान नव्हते. खाणीत काम चालते ते पहारीने, घणाने आणि सुरुंगाने; साडेतीन काठिण्याच्या, पानांसारख्या सुटणाऱ्या खनिजाने त्यातून जगावे तरी कसे? आज संग्रहालयाच्या काचेआड जो अखंड स्फटिक दिसतो, तो तेथे आहे याचा अर्थ एवढाच की दिव्याच्या उजेडात कोणा कामगाराची नजर त्या पोकळीत गेली आणि त्याचा घण थांबला. हातांनी, कदाचित कापडात गुंडाळून, त्याने तो वर आणला. त्या माणसाचे नाव बहुधा कोणत्याही चिठ्ठीवर नसते. खनिजाचे वर्णन करणाऱ्यांचे नाव ग्रंथात राहते, संग्राहकाचे नाव सूचीत राहते. ज्याने घाव आवरला त्याचे नाव राहत नाही.

नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीचा उल्लेख आला, तेव्हा तिचेही महत्त्व सांगितले पाहिजे. जाणता संग्राहक स्फटिकाइतकाच त्याच्या चिठ्ठीला जपतो. खनिज कोणते, कोणत्या खाणीतील, कोणत्या गावचे, कोणाकडून कोणाकडे आले, हे त्या चिठ्ठीवर असते. ती हरवली की नमुना देखणा राहतो, परंतु मुका होतो. त्याच्यावरून त्या डोंगराविषयी काही शिकता येत नाही. याच कारणाने चांगल्या फॉस्फोफिलाइटला पैलू पाडण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. पैलू पाडताना तो दुभंगण्याचा धोका असतोच. पण पैलू पडले तरी निसर्गाने दिलेला आकार, सोबतचा खडक आणि जन्मस्थानाच्या खुणा नाहीशा होतात. जसा सापडला तसा राखणे हाच त्याचा सन्मान.

एका ठिकाणी नाव मिळावे आणि दुसऱ्या ठिकाणी तेज प्रकट व्हावे, असा योग महाराष्ट्राच्या भूमीतही आला आहे. कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिज. ते फॉस्फेट नव्हे; कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव बनले. त्याचा शोध अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात लागला आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु जगातील सर्वांत देखणे कॅव्हन्साइट मिळाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत. तेथे काम चालले होते रस्त्यांच्या आणि इमारतींच्या खडीसाठी. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले ते निळे गुच्छ प्रथम पाहिले ते पाथरवटांनी आणि खाणकामगारांनी. पोतोसीचा आणि वाघोलीचा स्फटिक जेव्हा एकाच कपाटात शेजारी बसतात, तेव्हा त्या दोघांमागे सारख्याच खरखरीत हातांची पुण्याई असते.

आतापर्यंत फॉस्फोफिलाइटच्या दुर्मिळतेची कथा झाली. त्याची दुसरी बाजू ऐकून कदाचित विश्वास बसणार नाही. या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या मोटारींच्या रंगाखाली हेच द्रव्य असण्याचा मोठा संभव आहे. वाहनांच्या कारखान्यात नोकरी केलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना फॉस्फेटिंग हा शब्द परिचित असेल. पोलादी पत्र्याला रंग देण्यापूर्वी तो तेल-ओशट काढून धुतात आणि जस्त-फॉस्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवतात. आम्ल पत्र्याचा अगदी पातळ थर विरघळवते, पृष्ठभागाजवळची आम्लता त्यामुळे कमी होते आणि तेथे अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर जमतो. त्या थरात होपाइट या दुसऱ्या जस्त-फॉस्फेटाबरोबर फॉस्फोफिलाइटही असते. यातील मर्म असे की फॉस्फोफिलाइटला लागणारे लोह मुख्यतः त्या पत्र्यातूनच येते. त्यामुळे हा थर वरून चिकटवल्यासारखा राहत नाही. तो पत्र्यातच रुजतो. रंग त्यावर घट्ट बसतो, आणि पुढे कधी ओरखडा पडला तरी गंज रंगाखाली सहज पसरत नाही. थरातील या दोन खनिजांचे प्रमाण क्ष-किरणांनी मोजून त्याची प्रतही ठरवतात.

एकच द्रव्य, परंतु त्याच्या दोन गती. डोंगराच्या पोकळीत ते दीर्घ काळ सावकाश वाढले आणि बोटाएवढे झाले. कारखान्याच्या टाकीत ते काही मिनिटांत तयार होते आणि डोळ्यांना दिसतही नाही. पहिल्याला संग्रहालयात काच मिळते. दुसरे रंगाखाली झाकले जाते आणि वाहन भंगारात जाईपर्यंत आपले काम करत राहते.

येथे बसलेल्या लहान विद्यार्थ्यांपैकी काहींना हे नाव आधीच ठाऊक असेल, आणि तेही वर्गातून नव्हे. हारुको इचिकावा या जपानी चित्रकथाकार लेखिकेच्या २०१२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा नायक फॉस्फोफिलाइट हाच आहे. रत्नांच्या त्या जगात तो सर्वांत ठिसूळ मानला जातो. लढाईच्या कामाचा नाही म्हणून त्याच्यावर निसर्गाच्या नोंदी करण्याचे काम सोपवले जाते. जो लढू शकत नाही त्याने पाहावे, समजून घ्यावे आणि लिहून ठेवावे. शाळा नावाची संस्थाही अखेर हेच शिकवते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या खनिजाची आठवण का करावी, हे आता वेगळे सांगण्याची गरज नसावी. महाराष्ट्राबाहेर, जेथे बाजाराची भाषा वेगळी, कचेरीची वेगळी आणि शेजाऱ्याची वेगळी, तेथे मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालते. तिचे घटक काय? चार खोल्या, फळा, शिक्षक, मुले आणि एक भाषा. यांत दुर्मिळ असे काहीच नाही. दुर्मिळ आहे ती परिस्थिती. या घटकांना एकमेकांपासून ओढून नेणाऱ्या शक्ती येथे पुष्कळ आहेत, आणि त्या दुष्ट आहेत असेही नाही. गंधक जस्ताला ओढते तो त्याचा स्वभावच. नोकरीसाठी इंग्रजी हवी, व्यवहारासाठी प्रांताची भाषा हवी, हा पालकांचा विचार खरा आहे. त्यामुळेच परप्रांतातील मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात नाव घालणारा प्रत्येक पालक ती परिस्थिती एका वर्षाने लांबवत असतो, आणि नाव न घालणारा ती एका वर्षाने आखूड करत असतो. येथे तटस्थ कोणीच राहत नाही.

या पालकांच्या चिंतेला फॉस्फेटिंगच्या टाकीत एक उत्तर सापडते. पुढे आयुष्यात इंग्रजीचे, प्रांतभाषेचे, परदेशी भाषांचे थर चढायचेच आहेत आणि ते चढलेच पाहिजेत. परंतु रंग टिकतो तो खालच्या थरावर, आणि खालचा थर टिकतो तो पत्र्याच्या स्वतःच्या लोहातून घडला म्हणून. मूल घरून जी भाषा घेऊन येते ते त्याचे लोह. पहिली अक्षरे, पहिले पाढे, पहिला निबंध त्या भाषेतून झाला, तर वरचे थर सुटत नाहीत. इथून बाहेर पडून अनेक भाषांत कारभार करणारे माजी विद्यार्थी याची साक्ष आहेत. तो खालचा थर त्यांच्याही अंगावर कोणाला दिसत नाही, इतकेच.

पोतोसीच्या डोंगराचा शेवटचा धडा मात्र कठोर आहे. पोतोसी शहर १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पुढे अनिर्बंध खाणकामाने सेरो रिको आतून पोकळ होत गेला, त्याचे शिखर खचू लागले, आणि २०१४ मध्ये हे स्थळ धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीत गेले. ज्या डोंगराने पाच शतके जगाला दिले, त्याला परत काही द्यायचे हे फारसे कोणाला सुचले नाही. सर्व जण नेतच राहिले.

माजी विद्यार्थ्यांनी या शाळेतून पुष्कळ नेले आहे, आणि नेण्यासाठीच ते होते. परत देण्याच्या वाटाही साध्या आहेत : ग्रंथालयाला पुस्तके, प्रयोगशाळेला साहित्य, शिक्षकांच्या पदांसाठी निधी, आणि आठवड्यातला एखादा तास. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे साठ वर्षांच्या चिठ्ठ्या जपणे. कोणत्या शिक्षकांनी काय शिकवले, पहिला वर्ग कोठे भरला, पहिले बाक कोणी दिले, कोणत्या शिपायाने पावसाळ्यात दप्तरे वाचवली, ही नावे लिहून ठेवली पाहिजेत. पोतोसीच्या खाणीत घण आवरणाऱ्याचे नाव राहिले नाही. या शाळेच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही, कारण ती नावे सांगू शकणारी माणसे याच सभागृहात बसलेली आहेत. हा स्मरणग्रंथ ती नोंद आरंभतो आहे. ती पुरी करणे त्यांच्या हाती आहे.